चार ओळींचा मजकूर

आमच्या नांदेडकडच्या वर्तमानपत्रांत पुण्यस्मरणाचे एक पान असते. तरुण माणसे ते उलटून पुढे जातात. माझ्या वयाची माणसे तिथूनच वाचायला सुरुवात करतात. चौकोनात छायाचित्र, त्याखाली चार ओळींचा मजकूर आणि सर्वांत शेवटी शोकाकुल मंडळींची नावे, अशी त्याची ठरलेली बांधणी. पुरुषांच्या चौकोनांत थोडीफार विविधता आढळते. कोणी माजी सरपंच असतो, कोणी मुख्याध्यापक, कोणी सोसायटीचा चेअरमन, कोणी हैदराबाद मुक्तिसंग्रामात तुरुंगात गेलेला. बायकांच्या चौकोनांत मात्र मजकूर बहुधा एकच. प्रेमळ पत्नी, वात्सल्यमूर्ती माता, लाडकी आजी. नाव आणि छायाचित्र झाकले तर ही बाई विष्णुपुरीची की मुदखेडची, शांत की कजाग, तिला सिनेमाचे वेड होते की हरिपाठाचे, काही म्हणता काही कळणार नाही.

अशा मजकुराची थट्टा करणे सोपे आहे. मी ती करणार नाही. ज्या घरातले माणूस गेले त्या घराला शब्द सुचत नाहीत, म्हणून ते रूढ शब्दांचा आधार घेते. लग्नात दर वेळी नवी मंगलाष्टके का रचत नाही, असे आपण कोणाला विचारत नाही. दुःखातही तयार शब्द उपयोगी पडतात. तेव्हा प्रश्न शब्दांच्या जुनेपणाचा नाही. ते खरे आहेत काय, आणि खरे नसले तर त्यात कोणाचे काय बिघडते, हा आहे. गेलेल्या माणसाविषयी खरे बोलण्याचे आपल्यावर काही बंधन आहे का? की गोड बोलले म्हणजे कर्तव्य संपले?

हा प्रश्न मला पुस्तकातून पडलेला नाही. दीड वर्षापूर्वी माझी पत्नी वारली. साठ वर्षांचा संसार. वर्षश्राद्धाच्या आधी नातवाने असाच एक मजकूर तयार करून मला वाचायला दिला. मुलगा गुणी आहे. आजीवर त्याचा जीव होता. मजकुरात पत्नी, माता, आजी हे तिन्ही शब्द होते आणि शेवटी वाक्य होते, ‘स्वतःसाठी जिने कधी काही मागितले नाही.’ ते वाचून मी चष्मा काढून ठेवला. कारण माझ्या माहितीत जिने स्वतःसाठी ठासून मागितले, आणि मिळेपर्यंत मागितले, अशी एकच बाई होती; आणि ती हीच.

हकीकत साधी आहे. तिचे माहेर गोदावरीकाठचे, विष्णुपुरीपासून सायकलीच्या अंतरावर. काळी जमीन, पावसाळ्यात पाय रुतला की वहाण तिथेच राहायची. आज विष्णुपुरी म्हटले की लोकांना अभियांत्रिकी महाविद्यालय, विद्यापीठ, सरकारी दवाखाना आणि शंकरसागराचे पाणी आठवते. पण महाविद्यालय १९८१ चे आणि विद्यापीठ १९९४ चे. तिच्या लहानपणी इथे काळेश्वराचे देऊळ, नदी आणि शेते, एवढाच पसारा होता. पुढे उपसा सिंचनाचा प्रकल्प आला, गोदावरी अडली आणि तिच्या वडिलांच्या जमिनीचा एक तुकडा संपादनात गेला. वडील त्याआधीच वारले होते. मोबदला मंजूर झाला, वारसांची नावे लागली, आणि एके दिवशी तिचा धाकटा भाऊ एक कागद घेऊन आमच्याकडे आला.

हा कागद महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांना ठाऊक आहे. त्याला हक्कसोडपत्र म्हणतात. वडिलांच्या मिळकतीवरचा आपला हक्क बहिणीने राजीखुशीने सोडला, असे त्यात लिहिलेले असते. बहीण सही करते, भाऊ लुगडेचोळी करतो आणि माहेरचे दार उघडे राहते. कायदा मात्र १९५६ पासून वेगळे सांगत आला आहे. त्या वर्षीच्या १७ जूनला हिंदू वारसा कायदा अमलात आला आणि बाप मृत्युपत्र न करता वारला तर त्याच्या हिश्श्यात मुलीलाही मुलाइतकाच वाटा मिळू लागला. त्याआधी या एका गोष्टीवरून केवढे रण माजले होते! हिंदू कोड बिल रखडले, हे बाबासाहेब आंबेडकरांच्या १९५१ सालच्या राजीनाम्याचे एक मोठे कारण होते. १९९४ साली महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हक्क दिला, पण ज्यांची लग्ने आधीच झाली होती त्यांना वगळले. २००५ साली केंद्राने तो देशभर आणला आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने उरलेल्या शंका फेडल्या. एवढे सगळे झाले तरी तो कागद अजून निघतो आणि त्यावर सह्या होतात. ती सही कायदा करवून घेत नाही; भाऊबीज करवून घेते.

तिने कागद वाचला. शिक्षण सातवीपर्यंतचे, पण वाचनाची सवय दांडगी. अनंत भालेरावांचा ‘मराठवाडा’ ती पहिल्या पानापासून जाहिरातींपर्यंत वाची. वाचून झाल्यावर तिने कागदाची घडी केली, ती भावाच्या हातात दिली, आणि त्याच्यासाठी ताट वाढता वाढता म्हणाली, ‘‘सही न्हाई करायची मला. माझं मला दे.’’ रडणे नाही, आरडाओरडा नाही. भाऊ जेवला नाही. ताटाला नमस्कार करून उठला.

मी या प्रकरणात एक शब्द बोललो नाही आणि बोलणे योग्यही नव्हते. जमीन तिच्या बापाची, भाऊ तिचा. दोन वर्षांनी तिच्या वाट्याची रक्कम हाती आली. यापुढचा भाग मला जरा थांबून सांगायचा आहे, कारण ऐकणारा नेमका इथेच गोष्ट आपल्या हातात घेतो. त्याला वाटते, त्या पैशातून तिने मुलीचे शिक्षण केले असेल. नाही तर काळेश्वराला अभिषेक लावून दिला असेल. नाही तर शेवटी मन द्रवून भावालाच परत केले असतील. तसे काही झाले नाही. ती नांदेडच्या सराफ्यात गेली, स्वतःसाठी पाटल्या केल्या, आणि त्या मरेपर्यंत हातात घातल्या. भाकरी थापतानाही काढल्या नाहीत. पिठाने माखलेल्या त्या पाटल्या माझ्या डोळ्यांपुढे आजही आहेत.

भाऊ पुढची नऊ वर्षे भाऊबिजेला आला नाही. ज्यांना भाऊ नाही त्या बायका त्या संध्याकाळी चंद्राला ओवाळतात. ही नऊ वर्षे चंद्राला ओवाळत होती. बिजेची कोर दिवस मावळताच दिसते आणि घटकाभरात जाते. म्हणून तिची लगबग चाले, निरांजनाला हाताचा आडोसा करून ती गच्चीवर जाई. खाली येऊन सर्वांना फराळ वाढी. दहाव्या वर्षी भाऊ आला, पाटावर बसला, तिने ओवाळले, त्याने तबकात अकरा रुपये टाकले. त्या विषयावर दोघांनी पुढे कधी अक्षर काढले नाही.

आता भावाची बाजू. ती सांगितल्याशिवाय ही हकीकत सांगण्याचा मला अधिकार नाही. म्हाताऱ्या आईबापांचे त्याने केले. विहिरीचे कर्ज त्याने फेडले. १९७२ च्या दुष्काळात तो रोजगाराच्या कामावर खडी फोडायला गेला आणि तशातही बहिणीचे बाळंतपण त्याच्या घरी झाले. जो कसतो त्याची जमीन, एवढा सरळ त्याचा हिशेब. त्याने बहिणीकडे जे मागितले ते त्याच्या बापाने आपल्या बहिणींकडून मागून घेतले होते आणि आत्यांनी हसतमुखाने दिले होते. निदान घरात तसे सांगितले जाई. अशा माणसाला लोभी म्हणून मोकळे होणे म्हणजे दुसऱ्या टोकाचे खोटे बोलणे होय.

हे सारे लक्षात घेऊन मी नातवाचा मजकूर पुन्हा वाचला, आणि एक गोष्ट पहिल्यांदाच नजरेत भरली. पत्नी, माता, आजी हे तिन्ही शब्द ती माप ओलांडून आमच्या घरात आली त्या दिवसानंतरचे आहेत. त्याआधी अठरा वर्षे ती कोणाची तरी मुलगी होती, बहीण होती. ते शब्द मजकुरात नाहीत. आपल्याकडे लग्नात नवऱ्या मुलीचे नवे नाव तांदळात लिहितात. तिचेही लिहिले होते. श्राद्धात आई, आजी, पणजी अशा तीन पिढ्यांची नावे गोत्रासह घेतात. ही परंपरेची मोठी सोय आहे असे मी मानतो, निदान तिथे नाव तरी विचारतात. पण ते नाव सासरचे आणि गोत्रही सासरचेच. तिच्या सबंध आयुष्याच्या कागदपत्रांत ‘मुलगी’ हा शब्द तिच्यापुढे एकाच ठिकाणी लिहिलेला मी पाहिला आहे, आणि तो त्या वारसांच्या नोंदीत. (अलीकडे, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारी कागदांवर आईचे नाव वडिलांच्या आधी येते. चांगले झाले. पण तेही आई म्हणूनच.)

इथे एखादी तरुण वाचक म्हणेल, मग हे नात्याचे शब्दच नकोत. बाईला माणूस म्हणून आठवा. हे ऐकायला बरोबर वाटते, पण मला ते पुरते पटत नाही. नाती काढून टाकल्यावर जे माणूस उरते ते कोणी पाहिलेले असते? मुलांना ती कडक म्हणून ठाऊक होती. साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवी आणि किती उरली ते डोळ्यांनी मोजी. नातवंडांना ती पत्त्यांत बिनदिक्कत लबाडी करणारी भिडू म्हणून ठाऊक होती. सुनेला तिची येसर आमटी ठाऊक होती आणि त्या येसराचे प्रमाण शेवटपर्यंत न सांगण्याचा कंजूषपणाही. मला जी ठाऊक होती ती या तिघींहून निराळी. प्रत्येक नाते हे एक दार आहे आणि त्या दारातून माणूस दिसते. नात्याचा शब्द माणसाला झाकतोच असे नाही.

उदाहरण आमच्या नांदेडचेच आहे. शहराजवळ गोदाकाठी मुगटला माता साहेबांचा गुरुद्वारा आहे. गुरू गोविंदसिंगांच्या पत्नी साहेब कौर त्यांच्याबरोबर नांदेडपर्यंत आल्या होत्या. त्यांना मूल नव्हते. गुरूंनी त्यांना खालशाची माता म्हटले; आजही अमृत घेणाऱ्या प्रत्येकाला आपली आई साहेब कौर असे सांगितले जाते. ‘आई’ हा शब्द इथे त्या बाईचे नाव पुसत नाही. तीन शतके ते नाव जागते ठेवतो. तेव्हा दोष नात्याच्या शब्दाचा नव्हे. दोष त्याला चिकटवलेल्या ‘मूर्ती’चा आहे. वात्सल्यमूर्ती, त्यागमूर्ती. मूर्ती साच्यातून निघते, आणि साचा एकदा केला की त्यातून गणपती हवे तितके काढता येतात.

मराठीत सर्वांत जास्त आठवली गेलेली आई कोणती? श्यामची. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली ते पुस्तक लिहिले, १९३५ साली ते आले. अत्र्यांनी १९५३ साली त्यावर चित्रपट काढला आणि त्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. तिचे नाव यशोदा होते हे किती जणांना आठवते? पण ते राहू द्या. पुस्तकातली आई मुलगा पोहायला जात नाही म्हणून शिंपटी घेऊन त्याच्या मागे लागते. सावकाराचा माणूस अद्वातद्वा बोलतो तेव्हा ती अशी उसळते की त्याला उत्तर सुचू नये. गुरुजींनी आपल्याला धगधगीत बाई दिली होती; आपण तिची डोळे पुसणारी मूर्ती करून शाळेच्या संमेलनात बसवली. लिहिणाऱ्याने खरे सांगितले तरी ऐकणारा आपल्या सोयीचेच ऐकतो, ही या बाबतीतली आणखी एक अडचण आहे.

याच्या उलट लक्ष्मीबाई टिळक. १९३४ पासून भागाभागाने आलेल्या ‘स्मृतिचित्रां’त त्यांनी आपल्या नवऱ्याविषयी काय काय लिहिले आहे! त्यांचा संताप, त्यांचा भोळेपणा, हाती आलेले देऊन टाकून घर रिकामे करण्याची हौस, धर्मांतर करून बायकोला वर्षानुवर्षे एकटी टाकणे. एक शब्द गाळला नाही. आणि पुस्तक मिटल्यावर रेव्हरंड टिळकांविषयी आपले प्रेम तसूभर कमी होत नाही, उलट वाढते. इकडे आमच्या गावात ज्यांची व्याख्याने ऐकत माझी पिढी मोठी झाली त्या नरहर कुरुंदकरांनी ‘श्रीमान योगी’च्या प्रस्तावनेत शिवाजी महाराजांसारख्या युगपुरुषाच्या बाबतीतही हेच केले, गौरवाच्या गर्दीत त्यांचा माणूस हरवू दिला नाही. महाराजांना जे सोसते ते माझ्या बायकोला न सोसायला काय झाले?

‘‘पण ती आता कुठे ऐकायला आहे?’’ माझा मुलगा म्हणाला. ‘‘चांगले म्हटले काय, वाईट म्हटले काय, तिला काय फरक पडतो?’’

हा आक्षेप वाटतो तितका सोपा नाही. मेलेल्याला ऐकू येत नाही, हे खरे. आत्म्याच्या गोष्टींत मी शिरत नाही. पण ऐकू येत नाही म्हणून देणे संपते, असे आपण एरवी मानतो का? मेलेल्या माणसाचे मृत्युपत्र आपण अक्षर न् अक्षर पाळतो. त्यातली एक ओळ कोणी बदलली तर तो गुन्हा ठरतो. मग आयुष्यातली एक ओळ बदलली तर ती श्रद्धांजली कशी होते?

यावर कोणी म्हणेल, मग काय सारेच चव्हाट्यावर मांडायचे? मुळीच नाही. माणसाच्या पुष्कळ गोष्टी त्याच्याबरोबर जाव्यात. आजारपणातले बोलणे, रात्रीचे रडणे, रागाच्या भरात तोंडातून गेलेला शब्द, यांच्यावर कोणाचाच हक्क नाही, जवळच्या माणसाचा तर नाहीच. मी एवढेच विचारतो की ही गोष्ट तिने झाकली होती का? पाटल्या पदराखाली लपवल्या होत्या का? हळदीकुंकवाला, लग्नाकार्यात, भावाच्या मुलीच्या साखरपुड्यातसुद्धा तिने त्या घालून हात पुढे केला. जे तिने चाळीस वर्षे उघड्यावर वागवले ते ती गेल्यावर आम्ही झाकायचे, हा अधिकार आम्हाला कोणी दिला?

आणि झाकण्याने बिघडते ते तिचे नव्हे, पुढच्यांचे. मला दोन नाती आहेत. एक पुण्याला नोकरी करते, दुसरी इथेच विद्यापीठात शिकते. उद्या त्यांच्याही पुढे तो कागद येईल. आणणारा भाऊच असेल, गुणी असेल, तिच्यावर जीव असणारा असेल. त्या वेळी ती पोर आजीला आठवेल. आजीने कधी काही मागितले नाही, असे तिने भिंतीवरच्या तसबिरीखाली वाचलेले असेल, तर ती मुकाट्याने सही करील आणि वर आजीसारखे वागल्याचे समाधान मानील. म्हणजे ज्या कागदावर आजीने सही केली नाही त्या कागदावर, ती गेल्यावर, आम्ही तिची सही केली असे होईल. खोट्या सहीला कायद्यात शिक्षा आहे. कौतुकाने केलेल्या खोट्या सहीला काय म्हणावे, ते मला अजून नीट सांगता येत नाही; पण ती खोटी आहे एवढे नक्की.

उद्या त्या पोरीने आजीचे सगळे ऐकून, समजून, तरीही सही केली तर माझी काही तक्रार नाही. भावाचे प्रेम चार पैशांहून मोठे वाटणे हाही एक शहाणपणाचा विचार असू शकतो. आत्यांचा तो खरोखर असेलही. कोणी विचारले नाही म्हणून कळायला मार्ग नाही.

दुसरी एक स्तुती श्राद्धाच्या निमित्ताने वारंवार कानावर आली. ती माझ्याआधी गेली म्हणून तिचे श्राद्ध भाद्रपदातल्या अविधवा नवमीला. त्या दिवशी सवाष्ण जेवू घालतात. येणारी प्रत्येक बाई म्हणाली, ‘‘भाग्याची, कुंकवानं गेली.’’ म्हणजे तिच्या आयुष्यातली सर्वांत मोठी कमाई कोणती, तर मी जिवंत राहिलो ही! यात तिचे कर्तृत्व नाही आणि माझे तर नाहीच. जी गोष्ट तिने स्वतःच्या बळावर केली तिचा उच्चार मात्र जेवणाच्या पंगतीत कोणी केला नाही.

एक विसंगती मात्र नोंदवली पाहिजे, कारण तिच्याशिवाय ती बाई पुरी होत नाही. आमच्या घरी गिरणीचे पीठ यायला लागले तरी डाळ ती जात्यावरच भरडी, आणि भरडताना ओव्या म्हणे. त्या ओव्यांत भाऊ असे. भावाचा वाडा, भावाचे बैल, भाऊ न्यायला येतो ती वाट. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्याखेड्यांतून बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या चाळल्या तर भावाचे केवढे कौतुक भरलेले आहे ते दिसते. जमिनीतला वाटा न मिळालेल्या बायकांनी भावाचे एवढे गोडवे गावेत, याचा अर्थ लावायला पंडित लागतील. माझ्या घरातले मी सांगतो. ज्या नऊ वर्षांत भाऊ आला नाही त्या नऊ वर्षांतही त्या ओव्या थांबल्या नाहीत. आणि पाटल्याही हातातून उतरल्या नाहीत. ती जात्याचा खुंटा फिरवी तेव्हा त्या खुंट्यावर वाजत. ज्याला यातली एकच गोष्ट ठेवायची आहे त्याने खुशाल ठेवावी. मी दोन्ही ऐकलेल्या आहेत.

मजकुराचे म्हणाल तर तो शेवटी छापून आला. ‘स्वतःसाठी जिने कधी काही मागितले नाही’ हे वाक्य नातवाने काढले. पत्नीच्या आधी कन्या आणि भगिनी हे दोन शब्द घातले, माहेरचे नाव कंसात दिले. चार ओळींत याहून जास्त मावत नाही, आणि वर्तमानपत्राचा चौकोन ही काही घरची भांडणे मिटवण्याची जागा नव्हे. बाकीचे मी लिहून ठेवावे, असे धाकट्या नातीने सुचवले. हे लिहिणे त्यातूनच झाले.

पण छापायला देण्याआधी मुलाने एक शंका काढली, आणि ती रास्त होती. ‘‘बाबा, मामाला काय वाटेल? तो हयात आहे.’’ गेलेल्यांविषयी खरे बोलताना मागे राहिलेल्यांना विचारलेच पाहिजे. त्यांना तरी विचारता येते. म्हणून मागच्या महिन्यात मी कागद घेऊन मेहुण्याच्या गावी गेलो. तो आता ऐंशीच्या घरात आहे, डोळ्यांनी दिसत नाही. अंगणात बाजेवर बसला होता. मी सगळे वाचून दाखवले, त्याच्याविषयी लिहिलेलेही. मधे त्याने फक्त एकदा हात वर केला, तो नातवाला कोंबड्या हाकायला सांगण्यासाठी. वाचून झाल्यावर बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटले, राग आला.

‘‘दाजी,’’ तो म्हणाला, ‘‘पाटल्या किती तोळ्यांच्या ते न्हाई लिवलं तुमी. लिवा. चार तोळ्यांच्या व्हत्या. म्या तवाच सराफाला इचारून आलतो.’’